दोऱ्याला लावायचं मेण

बायको गेल्यानंतरच्या पंधरा दिवसांत माझ्या घरी जितके कर्करोगतज्ज्ञ येऊन गेले, तितके अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात नसतील. त्यांतला एकही डॉक्टर नव्हता. आमच्या गल्लीतले, बँकेतून निवृत्त झालेले साहेब होते, नातेपुत्याहून आलेले माझे एक चुलतभाऊ होते, तिच्या भिशीतल्या बायका होत्या. सतरंजीवर बसायचं, "वाईट झालं" म्हणायचं, चहा येईपर्यंत फरशीकडे बघत राहायचं आणि चहा आला की तपासाला सुरुवात करायची, अशी सगळ्यांची पद्धत एकच होती.

"पण वहिनी खात काय होत्या?"

अन्ननलिकेचा कॅन्सर म्हटल्यावर खाण्याची चौकशी होणार, हे मला मान्य आहे. पण विचारण्याचा सूर असा असायचा, की जणू तिला खाताना रंगेहाथ पकडलं होतं आणि आता फक्त मुद्देमालाची यादी करायची राहिली होती.

बँकेतल्या साहेबांचा संशय चहावर होता. "उकळता चहा प्यायच्या त्या. मी बघितलंय ना! जरा निवू द्यायचा नाही," असं म्हणून त्यांनी आपल्या कपातली वाफ फुंकली आणि चहा तसाच तोंडाला लावला. चुलतभावांचा संशय शेंगाचटणीवर होता. त्यांच्यापुढे ताटलीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही होतं. "हे असलं तिखट रोज पोटात गेल्यावर दुसरं काय होणार?" असा निकाल देऊन त्यांनी चटणी परत वाढून घेतली. पुरावा एकदा नीट तपासून बघावा, तशी.

मिसरीचं नाव मात्र कुणीच काढलं नाही. ती लहानपणापासून मिसरी लावायची. मुलीने चिडवून चिडवून पन्नाशीत सोडायला लावली. पुढे हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिला प्रश्न मिसरीचाच विचारला होता. पण सतरंजीवर बसलेल्या निम्म्या बायकांच्या कनवटीला ती डबी होती, त्यामुळे तो मुद्दा सर्वानुमते वगळण्यात आला.

मी कोपऱ्यात बसून ऐकायचो. आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवल्यामुळे दुसऱ्यांचे निबंध शांतपणे ऐकायची मला सवय आहे. इतके संशयित उभे केले जात होते, की खरा संशयित कोपऱ्यात बसलाय इकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. त्याबद्दल मी त्या सगळ्यांचा आभारी आहे.

कारण तिचं दुखणं कदाचित मी थांबवू शकलो असतो. आणि हे मला एकट्याला ठाऊक होतं.

सात वर्षांपूर्वी तिच्या छातीत जळजळ व्हायला लागली. आमचे डॉक्टर म्हणजे चौकातल्या दवाखान्यातले, मुलगी रांगत होती तेव्हापासून आम्हाला तपासणारे. त्यांनी महिनाभर गोळ्या दिल्या आणि मग म्हणाले, "मास्तर, एकदा दुर्बीण घालून बघू या." दुर्बीण घातली. आतून चार तुकडे काढले, प्रत्येक ज्वारीच्या कणीएवढा. आठवड्याने दोन पानांचा इंग्रजी रिपोर्ट आला.

घरातला शिकलेला माणूस मी. तेव्हा रिपोर्ट वाचणं हे माझं काम. मी शब्दकोश काढला, पेन्सिल काढली आणि एकेका शब्दाचा अर्थ समासात लिहिला. 'पेशींची विकृत वाढ' असा एक अर्थ निघाला तेव्हा मी दचकलो, पण त्याच्या आधी एक विशेषण होतं आणि त्याचा अर्थ 'सौम्य' असा होता. विशेषण नामाला मर्यादा घालतं, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. इथंही त्याने नामाला वेसण घातलीच असणार, असं मी धरून चाललो. शेवटची ओळ सोपी होती, तिला शब्दकोश लागला नाही. एक वर्षाने पुन्हा दुर्बीण घाला, असं त्या ओळीत लिहिलं होतं.

"काय म्हणतोय कागद?" तिने विचारलं. ती भाजी निवडत होती.

"सौम्य आहे. काळजीसारखं काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग बरं झालं. ती नळी परत नको बाई. त्या नळीपेक्षा जळजळ बरी."

ती अक्कलकोटकडची, सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी कागदावर मी बोट ठेवीन तिथं सही करायची. वर्षाने परत जायचंय, हे मी तिला सांगितलं होतं का? एकदा सांगितल्यासारखं आठवतं. पण मग मुलीची इंजिनिअरिंगची परीक्षा आली, मग तिची पुण्यातली नोकरी आली. दरम्यान गोळ्यांनी जळजळ थांबली होती. आमच्या डॉक्टरांनी वाटेत गाठून विचारलं, "रिपोर्टचं काय झालं मास्तर?" त्यांनाही मी हेच सांगितलं, "सौम्य." रिपोर्ट दाखवायला नेला नाही. मी सांगितल्यावर पुन्हा दाखवायची गरज काय, असा माझा स्वतःविषयी समज होता.

दोन वर्षांपूर्वी तिच्या घशाखाली भाकरी अडायला लागली. मग चपाती, मग भात. पुन्हा दुर्बीण घातली, पुन्हा तुकडे काढले. या वेळी रिपोर्टात कुठलंच सौम्य विशेषण नव्हतं.

कॅन्सरच्या डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. मुलगी रजा टाकून आली होती आणि फोनवर भराभर टिपणं घेत होती. डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी दुर्बीण घातली होती?"

"हो, पाच वर्षं झाली," मी म्हणालो. "पित्तासाठी."

"काही निघालं होतं?"

"विशेष काही नाही."

मुलीने तेही टिपून घेतलं. पित्त, विशेष काही नाही. भाषेच्या मास्तराचं एक वाक्य तिने जसंच्या तसं, शंका न घेता उतरवून घेतल्याची ती बहुधा शेवटची वेळ.

नंतर मला मेणाची ओळख झाली. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. बोटाच्या दोन पेरांएवढी प्लास्टिकची जाळीदार चौकट आणि तीत मेणाची वडी. एक नवं महागडं औषध तिला लागू पडेल का, हे पेशींवरच्या एका प्रथिनावरून ठरणार होतं आणि ते बघायला ब्लॉक पुण्याला न्यायचा होता. एप्रिल चालू होता. "उन्हात ठेवू नका, मेण वितळेल," असं प्रयोगशाळेतल्या माणसाने बजावलं. मी तो विड्याच्या पानांच्या गठ्ठ्यासारखा ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून, एसटीत मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "मुलाला डबा का?" मी हो म्हणालो. आमचं चांगलं जमलं, टेंभुर्णीपर्यंत.

ते प्रथिन कमी निघालं. त्यामुळे ते औषध नाही. आयुष्यभर दोन माणसं जास्तीची जेवतील असा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या पेशींनी नेमकं हेच काटकसरीने बनवलं होतं. आठ महिन्यांनी ती गेली.

आता गंमत अशी, की मुलीलाही एक संशयित हवा होता आणि तिने तो निवडला. आमचे चौकातले डॉक्टर. "पाच वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या देत बसले ते, बाबा! एकदाही त्यांना वाटलं नाही, परत बघावं?" डॉक्टर भेटायला आले, तेव्हा ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. नंतर तिने त्यांना फोनवर एक लांबलचक निरोप लिहून पाठवला. पाठवण्यापूर्वी मला वाचून दाखवला. "ठीक आहे ना भाषा?" तिने विचारलं. मी एक शब्द बदलायला सुचवला. 'निष्काळजीपणा'ऐवजी 'दुर्लक्ष' जास्त सभ्य वाटेल, असं म्हणालो.

डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही. पण त्यानंतर चौकात दिसले की ते मान खाली घालून दवाखान्यात शिरायचे.

बायकोची थोरली बहीण, अक्का, महिनाभर माझ्याकडे राहिली होती. परत जायच्या आदल्या दिवशी अक्का म्हणाली, "मास्तर, तिचा शिवणाचा डबा मला द्या. वाकळंचं काम अर्धं राहिलंया तिचं, मी पुरं करते." मी कपाटावरून डबा काढला. सुया, रिळं, कात्री, जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या. आणि तळाशी एक मेणाची वडी, प्लास्टिकच्या चौकटीतली.

वाकळीचा, म्हणजे गोधडीचा, दोरा जाड असतो. तो गुंतू नये, कापडातून सरकन जावा, म्हणून सुईत ओवल्यावर मेणावरून ओढून घेतात. सगळ्याच बायका घेतात. त्या वडीच्या कडांना दोऱ्याने ओढून ओढून खोल खाचा पडल्या होत्या, एक खाच तर पार मधूनच आरपार गेली होती. चौकटीवर एक आकडा लिहिलेला होता. मी फाइल काढली. सात वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर तोच आकडा होता.

तेव्हा आठवलं. पहिल्या वेळी दुर्बीण घालणारे डॉक्टर म्हणाले होते, पुण्यात दुसऱ्या कुणाला तरी एकदा दाखवून घ्या, म्हणून तुकड्यांचे काप लावलेल्या काचा आणि ब्लॉक आम्हाला पाकिटात घालून मिळाले होते. आम्ही पुण्याला गेलो नाही. पाकीट कपाटात पडलं. त्या दिवाळीच्या साफसफाईत तिने ते उघडलं आणि मला विचारलं, "अहो, हे मेण कसलं हाय? टाकू का?" मी वाचत होतो. पुस्तकातून वर न बघता म्हणालो, "असेल काहीतरी. घे तुला."

तिने घेतलं. आणि पाच वर्षं स्वतःच्या अन्ननलिकेच्या तुकड्यावरून दोरा ओढून मुलीसाठी, पुतण्यांसाठी, गल्लीतल्या दोन बाळंतिणींसाठी वाकळा शिवल्या. काटकसरी बाई. घरातली कुठलीच वस्तू वाया जाऊ दिली नाही तिने.

मी अक्काला सांगितलं, तेव्हा तिने कपाळावर हात मारला नाही, ती रडलीही नाही. तिने वडी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"ह्यात ती हाय म्हणता?"

"थोडीशी."

"मग ते मातीत घाला की. असं डब्यात कुटं ठिवता?"

"घालतो, पण आधी एकदा तपासून घ्यावं म्हणतो."

"आता काय तपासायचं ऱ्हायलं?" अक्का माझ्याकडे बघत म्हणाली. "मास्तर, तुमी लई शिकलेलं. पर माणूस गेल्यावर त्याची तपासणी करायची, ही कुटली शाळा?"

 अक्का दुसऱ्या दिवशी शिवणाचा डबा घेऊन गेली, वडी माझ्याकडे राहिली. जाताना म्हणाली, "वाकळंला मी मेणबत्ती लावीन. तुमी त्याची काळजी करू नका."

इथल्या एका रुग्णालयात माझी एक जुनी विद्यार्थिनी पॅथॉलॉजी विभागात आहे. तिचे वडील यंत्रमागावर कामाला होते. बारावीला माझ्या वर्गात तेलुगू वळणाचं मराठी बोलायची आणि लिहायची मात्र स्वच्छ. मी तिच्यापुढे वडी आणि फाइल ठेवली आणि सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. शेवटच्या ओळीचं सांगितलं नाही.

ती खाचांवरून बोट फिरवत राहिली.

"सर, मॅडमनी यावर दोरा ओढला?"

"हो."

"आमची आईपण ओढते," ती म्हणाली. "मेणावर." मग म्हणाली, "आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे. अन्ननलिकेचा कॅन्सर एका दिवसात होत नाही. आधी पेशी थोड्या बिघडतात, मग अजून बिघडतात. त्यात कुठलं प्रथिन कधी बदलतं, ते आम्ही बघतोय. पण एकाच पेशंटचे आधीचे आणि नंतरचे तुकडे सहसा मिळतच नाहीत. आधीचं कुणी जपून ठेवत नाही."

"आम्ही जपून ठेवलं नाही. वापरत होतो."

ती हसली नाही. तिने मला समजावून सांगितलं. पी-फिफ्टीथ्री नावाचं एक प्रथिन असतं. "आमच्या अण्णांच्या कारखान्यातला मुकादम समजा, सर. धागा तुटला, चूक झाली की तो माग थांबवायला लावतो. तो मुकादमच बिघडला तर चुकीचं कापड विणलं जातं आणि माग चालूच राहतो. बिघडलेलं प्रथिन बहुतेक वेळा पेशीत साठत जातं. आम्ही रंग लावतो, ते तपकिरी दिसतं." दुसरं एक, की-सिक्स्टीसेव्हन, वाढायला निघालेल्या पेशींत दिसतं. चांगल्या अन्ननलिकेत ते खालच्या थरात असतं, बिघाड व्हायला लागला की वर वर चढतं.

"संमतीच्या फॉर्मवर सही लागेल," ती म्हणाली. "आणि सर, एक आहे. अभ्यासातला निकाल आम्ही घरच्यांना कळवत नाही. त्यावर आता उपचार तर करायचा नसतो ना."

"मला कळवायचा."

"कळून काय करणार सर?"

"मी मास्तर आहे. मला पेपर परत बघायची सवय आहे."

हे चांगलं वाक्य आहे असं मला तेव्हा वाटलं. तिने मान हलवली, विभागप्रमुखांना विचारते म्हणाली. विचारलं असावं, कारण तीन आठवड्यांनी तिचा फोन आला.

या तीन आठवड्यांत मी काय केलं, ते सांगायला हवं. मी वाचत बसलो. प्रथिनांविषयी, पेशींविषयी जे मिळेल ते. मला एकच गोष्ट शोधायची होती. त्या जुन्या तुकड्यात ते प्रथिन नसेल, तर तेव्हा काहीच सुरू झालं नव्हतं. मग माझं 'सौम्य' बरोबर होतं. मग वर्षाने नेलं असतं तरी काही दिसलं नसतं, आणि मुलीला काही सांगण्याची गरजच नव्हती. आमचे डॉक्टरही निर्दोष, मीही निर्दोष, दोष फक्त शेंगाचटणीचा. मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावत नाही, पण त्या तीन आठवड्यांत लावला. विज्ञानाच्या बाजूने प्रार्थना करणारा मी काही पहिला माणूस नसेन.

तिने मला तिच्या खोलीत बसवलं. दोन माणसांना एकाच वेळी बघता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. चार तुकड्यांपैकी दोन दोऱ्याने पार खरवडून गेले होते, दोन शाबूत होते.

"हे आधी बघा," ती म्हणाली. "हे चांगल्या अन्ननलिकेचं." निळसर पट्टा होता. तळाच्या ओळीत कुठं कुठं फिकट तपकिरी ठिपका.

मग तिने काच बदलली.

"आणि हे मॅडमचं. सात वर्षांपूर्वीचं."

तळाची ओळ गच्च तपकिरी होती. तिथून ठिपके वर चढले होते, दाट, पट्ट्याच्या मध्यापर्यंत.

"नक्षी चांगली आहे," मी म्हणालो.

 ती जपून जपून सांगायला लागली, की असे सगळेच तुकडे पुढे कॅन्सरकडे जात नाहीत, कितीतरी तिथंच थांबतात, काही परतसुद्धा फिरतात, एका तुकड्यावरून कुणाचं पुढं काय होणार हे सांगता येत नाही, अभ्यास त्यासाठीच चालू आहे...

"मुद्द्यावर या," मी म्हणालो.

"हे तुम्ही माझ्या निबंधावर लिहिलं होतं, सर. लाल शाईने."

"लिहिलं असेल. मुद्द्यावर या. तेव्हा सुरू झालं होतं का?"

"हो. सुरू झालं होतं."

"वर्षाने परत नेलं असतं तर?"

तिने सूक्ष्मदर्शकाखालची काच काढून हातात घेतली. "वर्षाने, दोन वर्षांनी कधीतरी दिसलं असतं, असं मला वाटतं. लवकर दिसलं तर दुर्बिणीतूनच तेवढा भाग काढता येतो, पुष्कळदा." मग ती म्हणाली, "पण सर, ते कळायला हे रंग लागत नव्हते. मी तुमच्या फाइलमधला जुना रिपोर्ट वाचला. शेवटच्या ओळीत लिहिलंच होतं."

"ती ओळ मी वाचली होती," मी म्हणालो.

हे वाक्य मी सात वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो. एका जुन्या विद्यार्थिनीसमोर, स्टुलावर बसून. त्यात कठीण शब्द एकही नव्हता.

तिने काच खणात ठेवली. "मग हे सगळं कशासाठी करून घेतलंत?"

मी तिला खरं ते सांगितलं नाही. "माहिती असावी म्हणून," म्हणालो. खरं असं होतं, की मला सुटायचं होतं आणि माझ्या बाजूने साक्ष द्यायला मी बायकोच्याच अंगाचा तुकडा उभा केला होता. त्याने खोटी साक्ष दिली नाही. तीही कधी देत नसे. मी तिच्या स्वयंपाकाचं कौतुक करून काही मागायला लागलो, तर म्हणायची, "हे काय चाललंय? सरळ सांगा."

उरलेला ब्लॉक विभागात ठेवायला मी परवानगी दिली. अक्काला हे पटणार नाही. तिच्या दृष्टीने ते मातीत जायला हवं आणि कदाचित तिचंच बरोबर असेल. पण दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टातली शेवटची ओळ जरा ठळक लिहायला त्याचा उपयोग झाला, तर होऊ दे.

त्या संध्याकाळी मुलीचा नेहमीसारखा सात वाजता फोन आला.

"काय केलंत आज?"

"एक मोठा विनोद झाला," मी सुरुवात केली. "तुझा बाप शब्दकोश घेऊन बसला आणि—"

"बाबा, मी दमलेय. काय झालं ते सरळ सांगा."

 मनात चार-पाच वाक्यं तयार होती, दिवसभर घासूनपुसून ठेवलेली. त्यातलं एकही वापरता येईना.

"सात वर्षांपूर्वीच्या रिपोर्टात तेव्हाच बिघाड दिसला होता. वर्षाने परत तपासा असं लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. आईला नेलं नाही."

 मागे तिच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"डॉक्टरांना माहीत होतं?"

"नाही. मी त्यांना सौम्य आहे म्हणून सांगितलं. रिपोर्ट दाखवला नाही."

"आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

"विशेष काही नाही म्हणालो. तू तिथंच होतीस."

"मी त्यांना काय काय लिहिलं, बाबा. डॉक्टरकाकांना. तुम्हाला वाचून दाखवलं होतं."

"हो."

"तुम्ही शब्द बदलून दिलात त्यात."

"हो."

ती रडायला लागली. मी फोन कानाला लावून ऐकत राहिलो. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं.

"आईचं मला आत्ता काही बोलता येणार नाही," ती म्हणाली. "वेळ लागेल. किती ते माहीत नाही. पण डॉक्टरकाकांचं उद्याच करा. मी फोन करणार नाही त्यांना. तुम्ही जायचं. चिठ्ठी लिहायची नाही, तोंडाने सांगायचं."

"बरं."

"आणि तिथं तुमचं ते बोलायचं नाही. नक्षी, मास्तर, शब्दकोश, असलं काही नाही."

नक्षीचं मी तिला सांगितलं नव्हतं. पण मी काय म्हणालो असेन, हे तिला न सांगता कळतं.

सकाळी दहाला मी दवाखान्यात गेलो. बाकावर सात-आठ माणसं होती. कुंभारीहून आलेली एक म्हातारी खोकत होती, तिच्या सुनेने मला आधी जायला सांगितलं, "सर, तुमी मोठं माणूस, जावा की पुढं." मी नको म्हणालो, नंबराने बसलो. म्हातारी आत जाऊन आली. मग एक ताप आलेलं मूल. मग एक बिडी कामगार बाई, हाताला पट्टी बांधून. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता दोनदा वाचून काढला, सवयीने.

माझा नंबर आला. डॉक्टरांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा आखडला. पण पेशंटच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारायचं ते त्यांनी विचारलं.

"बोला मास्तर. काय होतंय?"

मी सांगायला सुरुवात केली.